काळजाचा ठोका आणि मॅग्नेशियमची गोळी : आधी परीक्षण, मग मात्रा



गेल्या गळीत हंगामात उसाच्या नोंदीची चौकशी करायला आलेले आपले एक ज्येष्ठ सभासद जाता जाता कारखान्याच्या दवाखान्यात डोकावले. वय सत्तरीच्या घरात, अंगकाठी अजून कणखर, रोज शेतावर फेरी. खिशातून एक प्लॅस्टिकची बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्या मॅग्नेशियमच्या गोळ्या. पोरानं पुण्यास्नं पाठवल्यात. छातीत पाखरू फडफडल्यावानी होतंय, त्यावर गुणाच्या हायत म्हणे. दीड महिना झाला घेतोय. चालंल न्हवं?"

गोळीबद्दल बोलण्याआधी मी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी तुटक लागत होती. दोन ठोके घाईने, मग खंड, मग एक जोराचा, मग तीन हलके. कशाचा कशाला मेळ नाही. ईसीजी काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. डॉक्टर मंडळी याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बी.पी.ही वाढलेला होता. अशा माणसाला पहिली गरज असते ती हृदयात रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची. ते औषध दीड महिन्यात त्यांच्या पोटात गेलेच नव्हते. मॅग्नेशियमच्या गोळीने त्यांना अपाय केला नाही हे खरे. पण "आपण औषध घेतोय" या समाधानात दीड महिना निघून गेला. त्या काळात काही विपरीत घडले नाही हे त्यांचे नशीब. हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून हा लेख.

पानातले मॅग्नेशियम आणि काळजातले मॅग्नेशियम

मॅग्नेशियम हे नाव ऊस उत्पादकाला नवे नाही. पानाला हिरवा रंग देणारे जे हरितद्रव्य, त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. ते कमी पडले की ऊस खालच्या जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून वरच्या कोवळ्या पानांना पुरवतो. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात, त्यांवर तांबूस ठिपके येतात. जमिनीत पालाश फार झाले तरी मॅग्नेशियमचे शोषण मंदावते. एकाच्या मात्रेवर दुसऱ्याचे चालणे अवलंबून असते, हे आपण अनुभवाने जाणतो.

माणसाच्या शरीरातही असेच आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचे बहुतेक स्नायू व इतर अवयवांच्या पेशींत. रक्ताच्या पाण्यात एक टक्क्यापेक्षाही कमी.

हृदय हा एक स्नायूच आहे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. प्रत्येक ठोक्याला विजेची एक बारीक लहर वरच्या कप्प्यात सुरू होऊन खालच्या कप्प्यांकडे जाते. ही लहर सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम या क्षारांच्या पेशीत आत-बाहेर होण्याने तयार होते. लहर गेल्यावर पेशीतले सोडियम बाहेर उपसून पोटॅशियम आत घ्यावे लागते. हे काम करणारा एक बारीकसा पंप प्रत्येक पेशीच्या भिंतीत बसवलेला आहे, आणि तो पंप मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. शिवाय पेशीत कॅल्शियमची गर्दी होऊ नये यासाठीही मॅग्नेशियम दारावर उभे असते. ते कमी पडले तर पेशी चिडखोर होतात आणि नको त्या वेळी ठोका टाकतात. अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियमची औषधे देऊनही पोटॅशियम टिकत नाही, लघवीवाटे निघून जाते. आधी मॅग्नेशियम भरावे लागते, तेव्हाच पोटॅशियम सावरते.

तेव्हा मॅग्नेशियमचा आणि ठोक्याचा संबंध खरा आहे. पुण्याहून गोळी पाठवणारा मुलगा अगदीच चुकीचे ऐकून आला नव्हता. चूक पुढच्या पायरीवर झाली. पान पिवळे दिसले म्हणजे मॅग्नेशियमच कमी, असे आपण धरतो का? लोह कमी पडून केवडा होतो, नत्र कमी पडते, पाणी साचून मुळ्या गुदमरतात. आणि मुळाशी हुमणी लागली असेल तर वरून कितीही मॅग्नेशियम सल्फेट फवारले तरी ऊस हिरवा होत नाही, उलट त्या दिवसांत हुमणी मुळे खाऊन टाकते. ठोका चुकणे हे पान पिवळे पडण्यासारखेच एक लक्षण आहे. त्याची कारणे अनेक आहेत.

ठोका चुकतो म्हणजे नेमके काय?

ढोबळ मानाने चार प्रकार ध्यानात ठेवावेत.

१) जादा ठोका : नाडी नियमित चाललेली असते, मध्येच एक ठोका वेळेआधी पडतो, मग थोडा खंड आणि पुढचा ठोका जोराचा. माणूस म्हणतो, "काळजात धस्स झालं." हे पुष्कळ निरोगी माणसांतही होते. जागरण, काळजी, तंबाखू, दारू, चहाचा अतिरेक, अंगात रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार ही त्याची नेहमीची निमित्ते. हृदय बाकी सुदृढ असेल तर हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र हृदय सुदृढ आहे की नाही हे तपासूनच ठरते.

२) वरच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन : नाडी पूर्णपणे बेताल लागते. वरच्या कप्प्यात रक्त साचून राहते, तिथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांग. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या लोकांची १९४८ सालापासून पिढ्यान्‌पिढ्या पाहणी चालू आहे. तिथल्या १९९१ सालच्या अहवालात असे दिसले की या विकारात अर्धांगाचा धोका सुमारे पाचपट होतो. लहानपणी सांधेतापामुळे हृदयाची झडप अरुंद झाली असेल आणि त्यात ही थरथर सुरू झाली, तर धोका त्याहून कितीतरी जास्त. त्याच गावच्या १९७८ सालच्या अहवालात तो सतरापटीच्या आसपास निघाला. आपल्याकडे सांधेतापाने झडप खराब झालेले रुग्ण, विशेषतः भगिनी, आजही पाहण्यात येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

३) खालच्या कप्प्यांची धाव : ठोके अतिशय वेगाने पडतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. हा प्राणावरचा प्रसंग होय.

४) ठोका मंदावणे : वरची लहर खाली पोचतच नाही. नाडी मिनिटाला ४० किंवा त्याहून कमी लागते, चक्कर येते. अशा माणसाला मॅग्नेशियम देणे उलट धोक्याचे, कारण मॅग्नेशियम लहर आणखी मंद करते.

चारही जण दवाखान्यात येऊन एकच वाक्य बोलतात, "छातीत धडधडतंय." नुसत्या वाक्यावरून यातला कोणता प्रकार हे मीही सांगू शकत नाही, पुण्यातला मुलगाही नाही, आणि औषधाच्या दुकानातला माणूसही नाही.

नाडी घरी कशी पाहावी?

यासाठी यंत्र लागत नाही. पाच मिनिटे शांत बसावे. डाव्या हाताचा तळवा वर करावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या हाताची मधली तीन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण बेताल नाडी पंधरा सेकंदांत फसवते.

बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके ही सर्वसाधारण चाल. पण आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा. गव्हाणीची साखळी जशी एका लयीत पुढे सरकते तशी नाडी लागली पाहिजे. साखळी मध्येच एकदा अडखळून पुन्हा लयीत येत असेल तर बहुधा जादा ठोका. लयच सापडत नसेल तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. धडधड थोडा वेळ येऊन जात असेल आणि ईसीजीच्या वेळी ठोका नेमका सरळ निघत असेल, तर चोवीस तास अंगावर बांधायचे होल्टर नावाचे यंत्र मिळते. तारीख, वेळ, ठोक्यांची संख्या व त्या वेळी काय करीत होतो, एवढे एका वहीत लिहून आणले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

कोणाला मॅग्नेशियम खरेच कमी पडते?

निरोगी, पोटभर भाकरी-उसळ खाणाऱ्या माणसाला ते सहसा कमी पडत नाही. त्याची मूत्रपिंडे गरजेप्रमाणे मॅग्नेशियम राखून ठेवतात. कमतरता येते ती पुढील लोकांत :

– बी.पी. किंवा पायावरील सुजेसाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे. यातील काही गोळ्या मॅग्नेशियम व पोटॅशियम दोन्ही बाहेर टाकतात.

– आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०११ साली याबाबत इशारा दिला. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव रुग्णांत नुसत्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी भागले नाही, ती आम्लपित्ताची गोळी बंद करावी लागली. आपल्याकडे ही गोळी दुकानातून मागून सकाळी चहाआधी घेण्याची पद्धत पडली आहे. कित्येकांना ती का सुरू केली तेही आठवत नाही.

– रोज दारू पिणारे. दारूने मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते, खाणे कमी होते, आणि वर दारू स्वतःही ठोका बिघडवते.

– मधुमेह ताब्यात नसलेले, फार दिवस जुलाब होत असलेले, आतड्याचे मोठे ऑपरेशन झालेले.

या लोकांना जर हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर मॅग्नेशियमची कमतरता अधिकच घातक. डिगॉक्सिनची विषारी लक्षणे अशा वेळी लवकर उमटतात.

वरीलपैकी कोणी असाल आणि ठोका चुकत असेल तर डॉक्टरांना आपणहून म्हणावे, "साहेब, पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियमही तपासा." रक्तातले प्रमाण साधारणपणे १०० मिलिलिटरला १.७ ते २.२ मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. मात्र मॅग्नेशियमचा मोठा साठा हाडांत व पेशींत असल्यामुळे रक्तातला आकडा बरोबर आला तरी साठा भरलेला असेलच असे नाही. म्हणून नुसता आकडा पाहू नये. रुग्णाची औषधे, आहार व लक्षणे यांचा मेळ घालून डॉक्टर ठरवतात.

प्रयोग काय सांगतात?

आपण नवे बियाणे घेताना शेजाऱ्याच्या बांधावरचा एक वाफा पाहून सगळे शेत लावत नाही. औषधाचेही तसेच असावे. मॅग्नेशियमच्या बाबतीत हा धडा वैद्यकशास्त्राने चांगलाच गिरवलेला आहे.

१९९२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे हार्ट ॲटॅकच्या २,३१६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. शिरेतून मॅग्नेशियम दिलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू जवळजवळ चौथाईने कमी निघाले. सगळीकडे आशा पसरली. स्वस्त औषध, कुठेही मिळणारे! मग १९९५ साली ५८,०५० रुग्णांवरील आयसिस-४ या प्रचंड चाचणीचा निकाल आला. त्यात काहीच फायदा दिसला नाही. शंका राहू नये म्हणून ६,२१३ रुग्णांवर आणखी एक चाचणी झाली. २००२ साली तिचाही निकाल तोच. आज हार्ट ॲटॅकच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट मॅग्नेशियम देत नाहीत.

आता ठोक्याविषयी. फ्रेमिंगहॅमच्याच पाहणीत २०१३ साली असे प्रसिद्ध झाले की ज्यांच्या रक्तात मॅग्नेशियम सर्वांत कमी होते, त्यांना पुढे वरच्या कप्प्यांची थरथर होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट होते. पण कमी मॅग्नेशियमवाल्यांना विकार जास्त होतो, एवढ्यावरून गोळी दिली की विकार टळतो असे सिद्ध होत नाही. ते वेगळे दाखवावे लागते, आणि तोंडाने घ्यायच्या गोळीने ही थरथर टळते किंवा बरी होते असे मोठ्या चाचणीत अजून दिसलेले नाही.

जादा ठोक्यांसाठी जर्मनीत झालेली एक चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २३२ रुग्ण होते. मॅग्नेशियम व पोटॅशियम मिळून तीन आठवडे दिले. खालच्या कप्प्यांतले जादा ठोके सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले, मात्र रुग्णांना होणाऱ्या त्रासात फरक पडला नाही. म्हणजे यंत्रावर थोडा गुण दिसला, माणसाला जाणवला नाही.

दवाखान्यात त्याचे मोठे काम

हे वाचून "मॅग्नेशियम काही कामाचे नाही" असे कोणी समजू नये. काही औषधांमुळे किंवा क्षार फार घटल्यामुळे खालच्या कप्प्यांची एक विशिष्ट धाव सुरू होते, ईसीजीची रेघ सुंभाला पीळ द्यावा तशी दिसते. त्या प्रसंगी शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट हेच पहिले औषध, मग रक्तातला आकडा बरोबर असला तरीही. वरच्या कप्प्यांची थरथर फार वेगात असेल तेव्हाही काही तातडीच्या विभागांत इतर औषधांच्या जोडीला ते शिरेतून देतात. बाळंतपणात बी.पी. वाढून झटके येतात, त्यावरही हेच औषध. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत झटक्यांचे प्रमाण त्याने निम्म्याहूनही कमी झाले.

पण तिथे काय करतात हेही पाहावे. मोजून मात्रा देतात, श्वास मोजतात, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहतात, लघवी किती झाली ते लिहितात. इतके प्रभावी औषध आहे म्हणूनच इतकी राखण. जे औषध जोरदार आहे ते निर्धोक नसते.

कोणी परभारे घेऊ नये?

१) मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते मंद झाले की गोळीतले मॅग्नेशियम अंगात साचते. मळमळ, अंग गरम लागणे, गुंगी, हातपाय लुळे पडणे, बी.पी. उतरणे, ठोका मंदावणे अशी पुढची पायरी. जुना मधुमेह किंवा जुना बी.पी. असेल तर मूत्रपिंडे मंद झाल्याचे माणसाला कळतही नाही. अशांनी आधी क्रिएटिनीनची तपासणी करून घ्यावी.

२) नाडी मंद असलेल्यांनी, वारंवार चक्कर येणाऱ्यांनी.

३) स्पायरोनोलॅक्टोन, अमिलोराईड यांसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी. या गोळ्या मॅग्नेशियम अंगातच धरून ठेवतात, वरून आणखी घेतले तर भर पडते.

४) वयस्क माणसांनी, जे पोट साफ होण्यासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि आम्लपित्तासाठी पातळ पांढरे औषध घेतात. बहुतेक वेळा त्या दोहोंत मॅग्नेशियम असते. वर आणखी गोळी म्हणजे तिहेरी मात्रा.

डॉक्टरांनी गोळी सांगितलीच तर

बाटलीवरचा मोठा आकडा पाहून फसू नये. खतात जसे गोणीचे वजन वेगळे आणि आतले अन्नद्रव्य वेगळे, तसेच इथे. ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये खरे मॅग्नेशियम सुमारे २४० मिलिग्रॅम. पण ऑक्साईड आतड्यात नीट शोषले जात नाही. सायट्रेटमध्ये खरे मॅग्नेशियम सुमारे १६ टक्केच, मात्र ते अधिक चांगले शोषले जाते. कोणते घ्यायचे आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९७ साली निरोगी प्रौढ माणसाला गोळ्या-औषधांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा घातली आहे. जेवणातले मॅग्नेशियम यात धरलेले नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २५० मिलिग्रॅमवरच रेघ ओढली.

मात्रा जास्त झाली की पहिली खूण म्हणजे पातळ शौचास होणे. जुलाब लागले की पोटॅशियम जाते आणि ठोका आणखी बिघडतो, म्हणजे औषधच रोग वाढवते. थायरॉईडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी जंतुनाशके मॅग्नेशियमला आतड्यात चिकटून वाया जातात. ती चालू असतील तेव्हा वेळेचे अंतर डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि ठोक्याची, बी.पी.ची किंवा रक्त पातळ ठेवण्याची चालू गोळी "आता मॅग्नेशियम आहे" म्हणून कधीही बंद करू नये.

गोणीतले मॅग्नेशियम सल्फेट पोटासाठी नव्हे

एक गोष्ट निक्षून सांगतो. एका बंधूंनी मला विचारले होते, "गोळी महाग पडते, मॅग्नेशियम सल्फेटची गोणी गोठ्यात पडलीच आहे, चिमूटभर पाण्यात घेतलं तर?" रसायन तेच हे खरे. इंग्लंडातील एप्सम गावच्या कडू पाण्यातून ते प्रथम प्रसिद्धीस आले आणि जुलाबासाठी पूर्वी ते देतही असत. पण खताच्या दर्जाचे मीठ पोटात घेण्यासाठी शुद्ध केलेले नसते, चिमटीने मात्रा मोजता येत नाही, आणि सारखे दिसणारे झिंक सल्फेट शेजारच्या पिशवीत असते. गोणी शेताची आहे, ती शेतातच जाऊ द्यावी.

ताटातले मॅग्नेशियम

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार नाही त्यांनी जेवणातून मॅग्नेशियम निर्धास्त घ्यावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ४४० व स्त्रीला ३७० मिलिग्रॅम लागते. ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा न चाळलेली कणीक यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १२५ ते १४५ मिलिग्रॅम असते. पॉलिश केलेल्या तांदळात अवघे २०च्या आसपास. शेंगदाण्यात १७० ते २००, तिळात ३००च्या वर. कडधान्ये आणि हिरव्या पालेभाज्या याही चांगल्या. दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यात गरजेचा मोठा भाग सहज भरतो. आपल्या जुन्या ताटात हे सगळे होतेच. भाकरी मागे पडून पांढरा भात, मैद्याची खारी-बिस्किटे आणि चहा वाढला तशी ही गंगाजळी आटत गेली.

आपल्या मालाबद्दलही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उसाच्या रसातले क्षार साखर तयार होताना मळी व प्रेसमडमध्ये जातात. पांढऱ्या साखरेत मॅग्नेशियम जवळजवळ नसते. गुळात काही अंशी राहते. पण म्हणून मधुमेही माणसाने मॅग्नेशियमसाठी गूळ खाणे म्हणजे गवत काढायला उभे पीक कापण्यासारखे आहे.

थांबू नये अशी लक्षणे

धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, घेरी येऊन पडणे; नाडी स्वस्थ बसूनही १२०च्या वर किंवा ४०च्या खाली; तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यातले काहीही दिसले तर गोळी शोधत बसू नये, १०८ नंबरला फोन करावा. अर्धांगात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. उसाची ट्रॉली रिकामी व्हायची आहे, पाण्याची पाळी आली आहे, ही कारणे त्या दिवशी बाजूला ठेवावीत. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर तिचे नाव व शेवटची घेतलेली वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

त्या सभासदांचे पुढे काय झाले?

त्यांचे मॅग्नेशियम तपासले, ते पुरेसे निघाले. गोळी बंद केली. इकोमध्ये झडपा ठीक होत्या. वय आणि बी.पी. पाहून जिल्ह्याच्या ठिकाणच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गुठळी न होण्याचे औषध व ठोक्याचा वेग आवरणारी गोळी सुरू केली. आम्लपित्ताची गोळी, जी ते सहा वर्षे घेत होते, ती जरूर नाही असे ठरून सुटली. आता ते उसाच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोज सकाळची नाडी लिहितात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "पोराला सांगितलं, गोळ्या धाडू नगंस, हप्त्याला एक फोन करून नाडी ईचार."

माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये हे आपण शेतकी खात्याकडून वर्षानुवर्षे ऐकतो आणि आता बरेचसे पाळतोही. शरीराला तोच नियम लावावा. ठोका चुकतो असे वाटले तर नाडी मोजा, ईसीजी काढा, रक्त तपासा, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मॅग्नेशियम कमी निघाले तर ते जरूर घ्या, त्याचा गुण येईल. कमी नसेल तर हुमणी कुठे लागली आहे ते शोधा.